खर्च वाढवा, नफा कमवा!

व्यापारात नफा कमावणे हा गुन्हा नाही. जो पैसा गुंतवतो, जोखीम पत्करतो, तो दोन पैसे मिळवणारच. पण ज्या धंद्यात पैसा एकाचा, जोखीम दुसऱ्याची आणि नफा तिसऱ्याचा, त्याला व्यापार म्हणावे काय? इराक युद्धातील ठेकेदारी पाहिली की हा प्रश्न पडतो.

अमेरिकन लष्कराला जेवण, इंधन व निवारा पुरवण्याचा ठेका डिसेंबर २००१ मध्ये हॅलिबर्टनच्या केबीआर या उपकंपनीला मिळाला. १९९५ ते २००० या काळात हॅलिबर्टनचे प्रमुख होते डिक चेनी. २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला तेव्हा हेच चेनी अमेरिकेचे उपाध्यक्ष होते!

ठेक्याची अट मोठी सोयीची होती. होईल तो खर्च सरकार भरून देणार आणि वर अंदाजित खर्चावर टक्केवारीने मोबदला. घर बांधणाऱ्या ठेकेदाराशी असा करार केला, तर तो सिमेंट जपून वापरील काय? डिसेंबर २००३ मध्ये पेंटॅगॉनच्या हिशेबतपासनिसांनी कुवेतहून आणलेल्या इंधनात ६ कोटी १० लाख डॉलरपर्यंत जादा आकारणी झाल्याचे म्हटले. कंपनीने ते नाकारले. मात्र २०११ मध्ये अमेरिकन संसदेने नेमलेल्या आयोगानेच सांगितले की, इराक व अफगाणिस्तानातील ठेक्यांत ३,१०० ते ६,००० कोटी डॉलर उधळपट्टी व लबाडीत गेले.

हे झाले पैशांचे. माणसांचे काय? १६ सप्टेंबर २००७ रोजी बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर कंपनीच्या बंदूकधाऱ्यांच्या गोळीबारात १७ इराकी ठार झाले. परदेशी ठेकेदारांना इराकी कायदा लागू नव्हता. तशी सूट अमेरिकन प्रशासनाच्या आदेशानेच दिली होती. २०१४ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने चौघांना दोषी ठरवले. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली.

आणि ठेक्याच्या उतरंडीत सर्वांत खाली कोण? ऑगस्ट २००४ मध्ये अमेरिकन तळावर कामासाठी नेले जाणारे १२ नेपाळी मजूर वाटेत पळवले गेले आणि मारले गेले. जॉर्डनमध्ये नोकरी म्हणून त्यांची भरती झाली होती. पोटासाठी आखातात जाणाऱ्या आपल्या मुलांच्या घरच्यांनी हे विसरू नये.

ठेका द्यायचाच तर दर आधी ठरवा, जिथे काम तिथला कायदा लावा आणि मजुराच्या जिवाची जबाबदारी मूळ ठेकेदारावर टाका. नाहीतर लढाई लांबेल तसा नफा वाढत जाईल. अशा दुकानदाराला शांतता कशी परवडणार?