दोस्ती सैनिकांची, श्रेय सरकारांचे

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी एका दूरचित्रवाणी मुलाखतीत उचलली जीभ टाळ्याला लावली. युक्रेनमध्ये शांतिसेना पाठवण्याची चर्चा तेव्हा युरोपात सुरू होती. गेल्या तीस-चाळीस वर्षांत एकही युद्ध न लढलेल्या कुठल्यातरी देशाचे वीस हजार सैनिक तिथे पाठवून काय होणार, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. सैन्य पाठवण्याची उघड तयारी दाखवणारे देश होते ब्रिटन आणि फ्रान्स. आपण त्यांचे नाव घेतले नव्हते, असा खुलासा व्हान्स यांनी नंतर केला. पण तोवर ब्रिटनमधले माजी सैनिक संतापले होते. पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी व्हान्स यांचा उल्लेखही न करता, अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या ब्रिटिश सैनिकांना संसदेत आदरांजली वाहिली. या संतापाला आकड्यांचा आधार होता. अफगाणिस्तानात ब्रिटनचे ४५७ सैनिक मृत्युमुखी पडले, अमेरिकेचे २,४०० हून अधिक. अमेरिकेची लोकसंख्या ब्रिटनच्या जवळपास पाचपट आहे, हे लक्षात घेतले तर दोन्ही देशांनी मोजलेली किंमत जवळजवळ सारखीच ठरते. शिवाय ती किंमत ब्रिटनने मोजली अमेरिकेवर हल्ला झाला म्हणून. ‘नाटो’ने सामूहिक संरक्षणाचे पाचवे कलम आजवर एकदाच वापरले, ते ११ सप्टेंबर २००१ नंतर.

हा वाद दोन-चार दिवसांत विरला, पण त्याने एका जुन्या गैरसमजावर बोट ठेवले. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातल्या ‘विशेष संबंधां’ची भाषा चर्चिल यांनी ५ मार्च १९४६ रोजी फुल्टन इथल्या भाषणात रूढ केली. तेव्हापासून लंडन-वॉशिंग्टनमध्ये कोणाचेही सरकार असो, या संबंधांचा पुरावा म्हणून दोन्ही देशांच्या सैनिकांतला बंधुभाव पुढे केला जातो. एकत्र लढलो, एकत्र रक्त सांडले, म्हणून पुढच्या मोहिमेतही एकत्र, असा हा युक्तिवाद असतो. माझे म्हणणे असे की, सैनिकांची दोस्ती आणि सरकारांची युती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सरकारांचे फाटले तेव्हा ही दोस्ती तुटली नाही, आणि सरकारे गळ्यात गळे घालत होती तेव्हा सैनिकाच्या वाट्याला न्याय आला असेही नाही. म्हणून या दोस्तीच्या नावावर कोणत्याही सरकारला नव्या युद्धाची उधारी मागता येणार नाही.

मुळात ही दोस्ती पहिल्या भेटीत जुळलेली नाही. नॉर्मंडीच्या स्वारीपर्यंत ब्रिटनमध्ये सुमारे १५ लाख अमेरिकी सैनिक येऊन राहिले होते. त्यांचा पगार ब्रिटिश शिपायाच्या कित्येक पट, गणवेश झकपक, खिशात चॉकलेट आणि सिगारेटी. यजमान वर्षानुवर्षे रेशनवर जगत होते. पैसा जास्त, रंगेलपणा जास्त आणि वर आमच्याच उरावर, अशी त्यांची टिंगल ब्रिटिश करत. यजमानांपुढे बढाया मारू नका, पैशाचे प्रदर्शन करू नका, असे सांगणारी पुस्तिका अमेरिकेच्या युद्ध खात्याला १९४२ मध्ये आपल्या सैनिकांसाठी छापावी लागली. सेनापतींचेही फारसे जमत नव्हते. आर्देनच्या लढाईनंतर जानेवारी १९४५ मध्ये माँटगोमेरी यांनी पत्रकार परिषदेत असा सूर लावला की अमेरिकी सेनानी खवळले. ही लढाई मुख्यतः अमेरिकेची होती, असे शेवटी चर्चिल यांना संसदेत स्पष्ट करावे लागले. एवढे सगळे असूनही नॉर्फक परगण्यातून उडणाऱ्या अमेरिकेच्या सेकंड एअर डिव्हिजनने १९४५ मध्ये परतण्यापूर्वी आपसांत सुमारे २० हजार पौंड जमवले. आपल्या जवळपास सात हजार मृत साथीदारांसाठी त्यांनी नॉरिच शहरात स्मारक मागितले. ते पुतळा किंवा स्तंभ नव्हते, तर नागरिकांच्या रोजच्या वापराचे ग्रंथालय होते. ते १९६३ मध्ये उघडले, १९९४ च्या आगीत जळाले आणि पुढे पुन्हा उभे राहिले. त्यात कोणत्याही करारनाम्याचे कलम नव्हते.

आता या दोस्तीची आणि सरकारी संबंधांची कालरेषा शेजारी ठेवून पाहा. केंब्रिजजवळ मॅडिंग्ली इथे विद्यापीठाने दिलेल्या जमिनीवर अमेरिकी सैनिकांची दफनभूमी आहे. तिथे ३,८०० हून अधिक कबरी आहेत आणि बेपत्ता झालेल्या पाच हजारांहून अधिक जणांची नावे एका भिंतीवर कोरली आहेत. तिचे लोकार्पण झाले १९५६ मध्ये. त्याच वर्षी, काही महिन्यांतच, सुएझच्या प्रश्नावरून अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पौंडाची कोंडी करून ब्रिटनला माघार घ्यायला लावली. चर्चिल यांच्या ‘विशेष संबंधां’चा एवढा अपमान त्यापूर्वी झाला नव्हता, मॅडिंग्लीला जाणाऱ्यांची वाट मात्र बंद झाली नाही. साठच्या दशकात हॅरल्ड विल्सन यांनी अध्यक्ष जॉन्सन यांच्या दबावाला न जुमानता व्हिएतनाममध्ये सैन्य पाठवले नाही. तेव्हाही ग्लॉस्टरशर रेजिमेंटच्या गणवेशावर अमेरिकेने दिलेली निळी फीत होतीच. एप्रिल १९५१ मध्ये कोरियात इमजिन नदीकाठी या रेजिमेंटच्या एका बटालियनने चिनी फौजेला तीन दिवस थोपवले आणि तिचे बहुतेक सैनिक कैद झाले. त्यासाठी अमेरिकी अध्यक्षांच्या नावाने हा सन्मान मिळाला होता. ग्लॉस्टर आज स्वतंत्र रेजिमेंट म्हणून उरलेली नाही, पण तिचा वारसा असलेली ‘द रायफल्स’ ती फीत अजून लावते.

उलट बाजू अधिक बोलकी आहे. २६ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात अमेरिकेच्या ए-१० विमानांनी चुकून ब्रिटिश चिलखती वाहनांवर मारा केला आणि नऊ ब्रिटिश सैनिक ठार झाले. ऑक्सफर्डमधल्या मृत्युचौकशीत ज्युरींनी हे मृत्यू बेकायदा ठरवले, पण वैमानिकांना साक्षीसाठी पाठवायला अमेरिका तयार झाली नाही. बारा वर्षांनी, २८ मार्च २००३ रोजी, बसराजवळ ए-१० विमानांनीच पुन्हा एका ब्रिटिश ताफ्यावर हल्ला केला आणि एक सैनिक मारला गेला. ब्लेअर आणि बुश यांच्या सख्याचा तो परमोच्च काळ. काहीही झाले तरी आपण तुमच्यासोबत आहोत, अशी लेखी हमी ब्लेअर यांनी जुलै २००२ मध्येच बुश यांना दिली होती, हे पुढे इराक युद्धाच्या चिलकॉट चौकशीतून उघड झाले. पण ठार झालेल्या सैनिकाच्या पत्नीला आपला नवरा कसा गेला हे कळायला चार वर्षे लागली. विमानातली चित्रफीत ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाकडे होती, पण अमेरिकेच्या परवानगीशिवाय ती न्यायासनासमोर ठेवता येत नव्हती. २००७ मध्ये एका वृत्तपत्राने ती फोडली तेव्हा वाट मोकळी झाली. आपण आपल्याच माणसांवर मारा केला हे कळताच वैमानिक कसे कोसळले, हे त्या फितीत जगाने ऐकले. त्या आकांतात सैनिकाचा सैनिकाशी असलेला संबंध दिसतो, आणि फीत दडवण्यात सरकारांचा. या दोहोंना एकच नाव देणे हा मृतांचा अवमान आहे.

ही दोस्ती टिकते कशावर, हेही अशाच प्रसंगांतून उमगते. ती गोडगोड बोलण्यावर टिकलेली नाही. हेल्मंड प्रांतातले सांगीन हे गाव ब्रिटिश फौजेने सप्टेंबर २०१० मध्ये अमेरिकी मरीनच्या हवाली केले. तोवर अफगाणिस्तानात झालेल्या ब्रिटिश मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश एकट्या सांगीनच्या परिसरात झाले होते. त्यानंतर आलेल्या मरीनच्या एका बटालियनने सात महिन्यांत २५ जण गमावले. ब्रिटिशांची लढण्याची पद्धत चुकली, अशी टीका अमेरिकी गोटातून झाली आणि ती ब्रिटिश सैनिकांना झोंबली. पण सांगीनच्या त्याच गल्ल्यांत सुरुंग तुडवलेल्या माणसाला समोरच्याचा अनुभव खरा की खोटा हे विचारावे लागत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडल्यावर ब्रिटिश खासदार आणि माजी सैनिक टॉम टुगेंडहॅट संसदेत बोलले. हेल्मंडमधले मुसा कला घेतल्यानंतर अमेरिकेच्या ८२व्या एअरबोर्न डिव्हिजनने केलेल्या सन्मानाचा त्यांनी अभिमानाने उल्लेख केला, आणि त्याच भाषणात अफगाण सैनिकांच्या धैर्यावर शंका घेणाऱ्या अमेरिकी अध्यक्षांना फटकारले. अमेरिकी सैनिकांवरचा स्नेह आणि अमेरिकी सरकारवरचा राग एकाच भाषणात सुखाने नांदू शकतात, एवढा हा भेद स्पष्ट आहे.

जखमी सैनिकांच्या बाबतीत या दोस्तीने प्रत्यक्ष कामही केले आहे. अमेरिकेतल्या ‘वॉरियर गेम्स’ २०१३ मध्ये पाहून प्रिन्स हॅरी यांनी पुढच्याच वर्षी लंडनमध्ये ‘इन्व्हिक्टस गेम्स’ सुरू केल्या. त्या पहिल्या स्पर्धेसाठी आलेली अमेरिकी सैनिक एलिझाबेथ मार्क्स लंडनमध्ये गंभीर आजारी पडली. तिची फुप्फुसे निकामी होत होती; केंब्रिजशरमधल्या पॅपवर्थ रुग्णालयाने तिला यंत्राच्या आधारावर जगवले. २०१६ मध्ये ऑरलँडोच्या स्पर्धेत तिने जलतरणात चार सुवर्णपदके जिंकली आणि त्यातले एक हॅरी यांच्या हाती देऊन त्या रुग्णालयाकडे पोहोचवायला सांगितले. एका देशाने चाचपून पाहिलेली कल्पना दुसऱ्याने उचलली, आणि आज अनेक देशांचे जखमी सैनिक त्या मैदानात उतरतात. युद्धाच्या समर्थनाचा एक शब्दही न उच्चारता माजी सैनिकांचा बंधुभाव किती उपयोगी पडू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, सरकारांनी युती केली नसती तर हे सैनिक एकमेकांना भेटलेच नसते. मग झाड तोडून फळ कसे मागता? आक्षेपात तथ्य आहे. भेट सरकारांनीच घडवली. पण ज्याने भेट घडवली त्याची त्या नात्यावर मालकी होत नाही. शिवाय काही धागे ‘विशेष संबंधां’च्या कितीतरी आधीचे आहेत. ब्रिटनमध्ये दर नोव्हेंबरला छातीवर लावले जाणारे लाल पॉपीचे फूल स्मरणचिन्ह म्हणून मिरवण्याची कल्पना १९१८ मध्ये मोइना मायकल या अमेरिकी शिक्षिकेला सुचली. एका फ्रेंच महिलेच्या प्रयत्नांतून ती १९२१ मध्ये ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेपर्यंत पोहोचली. त्या दशकात अमेरिका राष्ट्रसंघाबाहेर होती आणि युद्धकर्जाच्या वसुलीवरून दोन्ही सरकारांत कुरबुरी चालू होत्या. सरकारांचे सूत जमण्यापूर्वीही दुःखाने आपला मार्ग शोधला होता.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: ही दोस्ती मूठभरांपुरतीच आहे, आणि तिच्या गोडव्यात बाकीचे पुसले जातात. हे मान्य करायलाच हवे. जून १९४३ मध्ये लँकेशरच्या बॅम्बर ब्रिज गावात अमेरिकी लष्करी पोलीस आणि कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिक यांच्यात गोळीबार झाला. गावकरी कृष्णवर्णीयांच्या बाजूचे होते. पण ब्रिटिश सरकारने मित्रसैन्यातला वर्णभेद निमूटपणे चालू दिला. डिसेंबर १९४४ मध्ये इटलीतल्या सेर्चिओ खोऱ्यात अमेरिकेच्या ९२व्या डिव्हिजनची आघाडी कोसळली, तेव्हा तिला सावरायला ब्रिटिशांची आठवी इंडियन डिव्हिजन धावली. ९२वी डिव्हिजन कृष्णवर्णीयांची वेगळी काढलेली तुकडी होती, आणि आठव्या डिव्हिजनमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. याच बटालियनचे नामदेव जाधव पुढे एप्रिल १९४५ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. स्वतःच्याच सैन्यात दुय्यम असलेल्या दोन फौजांची ती गाठ ‘ब्रिटिश-अमेरिकी’ या शिक्क्याखाली झाकली गेली. अलीकडे या फौजांसोबत काम केलेल्या अफगाण दुभाष्यांचे तेच झाले. पण इथेही सरकार आणि सैनिक यांच्यातला फरक दिसतो: व्हिसाच्या कागदांत दुभाष्यांना अडकवले ते सरकारांनी, आणि त्यांच्यासाठी दोन्ही देशांत आवाज उठवणाऱ्यांत माजी सैनिक आघाडीवर होते. दोस्तीचा परीघ लहान आहे हे खरे. तो वाढवायचा तर तिला सरकारी समारंभांच्या ताब्यातून सोडवणे अधिकच गरजेचे ठरते.

तेव्हा निष्कर्ष साधा आहे. ब्रिटिश आणि अमेरिकी माजी सैनिकांचा जिव्हाळा खरा आहे, आणि त्याचा मान राखायचा मार्ग भाषणे हा नाही. मित्राच्या हातून मारल्या गेलेल्या सैनिकाच्या घरच्यांना पुरावा विनाअट मिळावा, मित्रदेशाच्या साक्षीदारांनी चौकशीपुढे यावे, आणि आपल्यासाठी जोखीम पत्करणाऱ्या स्थानिकांना वाऱ्यावर सोडले जाऊ नये, एवढे दोन्ही सरकारांनी करारात लिहून घ्यावे. हे करायची तयारी नसेल, तर पुढच्या मोहिमेसाठी सैन्य मागताना त्यांनी जुन्या बंधुभावाची आठवण काढू नये. त्या युद्धाची कारणे स्वतंत्रपणे मांडावीत आणि ती पटली नाहीत तर नकार ऐकून घ्यावा. व्हिएतनामच्या वेळी ब्रिटनने नकार दिला होता, आणि त्यामुळे दोन्ही देशांच्या सैनिकांचे काहीही बिघडले नाही.