निर्धाराच्या परीक्षेला बसवलेला विद्यार्थी
लखनौ विद्यापीठाच्या कुलगुरूंना खुले पत्र

मा. कुलगुरू,
लखनौ विद्यापीठ



शैक्षणिक संस्थांतील तंबाखूविरोधी धोरण आजवर मुख्यतः मनाईच्या अंगाने वाढले आहे. 2003 च्या केंद्रीय कायद्याने संस्थेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला बंदी घातली, 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे सुधारित नियम लागू झाले, आणि पुढे तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांनी त्या 100 यार्डांवर पिवळी रेघ आखायला सांगितले. रेघ हवीच, मात्र तिच्या आत बसलेल्या आणि सवय जडलेल्या विद्यार्थ्याने पुढे काय करावे, याचे उत्तर रेघेत नाही. मलिहाबादसारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात तर हा प्रश्न अधिकच उघडा पडतो.

सिगारेट सोडण्याची साधने म्हणजे तीन प्रकारची मदत: समुपदेशन, निकोटिन मोजक्या मात्रेत पुरवणारी गोळी, च्युइंगम किंवा त्वचेवर लावायची पट्टी, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणारी बुप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लिन ही औषधे. जागतिक आरोग्य संघटनेने निकोटिनपर्यायी उपचार 2009 मध्ये आणि ही दोन औषधे 2021 मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. भारताच्या 2022 च्या राष्ट्रीय यादीतही निकोटिनपर्यायी उपचाराला स्थान मिळाले. कोणत्याही मदतीविना सोडू पाहणाऱ्यांपैकी शंभरात जेमतेम तीन ते पाच जण वर्षभर टिकतात, आणि निकोटिनपर्यायी उपचाराने यशाची शक्यता सुमारे दीडपट होते.

तरीही तरुणांचा या साधनांकडे पाहण्याचा दृष्टिकोन संशयाचाच असतो. ‘मनात आणले की सुटते’ हे वाक्य वसतिगृहात जितक्या सहज ऐकू येते, तितक्याच सहज ते शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येते. आणि ज्याला सुटत नाही त्याचा निर्धारच कच्चा, हा निष्कर्ष त्यामागोमाग येतो. दुसरा आक्षेप असा की, च्युइंगममध्येही निकोटिनच असेल तर एक व्यसन सोडून दुसरे कशाला लावून घ्यायचे. आक्षेप अगदीच निराधार नाही, कारण सवय निकोटिनचीच जडते. परंतु धूम्रपानाने होणाऱ्या कर्करोगाला मुख्यतः कारणीभूत ठरतात ती तंबाखू जळताना निर्माण होणारी द्रव्ये, आणि झुरक्यातले निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचत असताना च्युइंगममधले हळूहळू शोषले जाते, त्यामुळे त्याची लत जडण्याचा धोका बराच कमी असतो. इलेक्ट्रॉनिक सिगारेटला मात्र ‘सोडण्याचे साधन’ म्हणून मित्रमंडळात मान मिळतो, जरी 2019 च्या कायद्याने तिची विक्री, आयात आणि जाहिरात बंद केली आहे.

अविश्वासाचे आणखी एक कारण फार साधे आहे: च्युइंगम कसे खायचे हेच कोणी सांगत नाही. ते सतत चघळायचे नसते. जिभेला चुणचुण जाणवेपर्यंत सावकाश चावून ते गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचे, चुणचुण ओसरली की पुन्हा चावायचे, असे सुमारे अर्धा तास करायचे, आणि त्याआधी पाव तास चहा-कॉफी किंवा थंड पेय टाळायचे, कारण तोंडातील आम्लतेमुळे निकोटिन नीट शोषले जात नाही. चहाच्या घोटाबरोबर भराभर चघळून लाळ गिळणाऱ्याला उचकी आणि मळमळ तेवढी मिळते, आणि ‘याने काही होत नाही’ हे मत पक्के होते. तंबाखूचा बार गालात धरण्याचे कौशल्य घरोघरी ठाऊक असलेल्या प्रदेशात ही एवढी सूचना समजायला जड जाऊ नये.

2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार उत्तर प्रदेशात 35.5 टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करतात. धूम्रपान करणारे 13.5 टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणारे 29.4 टक्के आहेत. (महाराष्ट्रातील वाचकाने नाक मुरडण्याचे कारण नाही, तेथे धूम्रपान 3.8 टक्केच असले तरी धूरविरहित तंबाखू 24.4 टक्के आहे.) दोन्ही सवयी असलेल्याने सिगारेट टाकून पुडी धरली, तर त्याला सुटका म्हणता येत नाही, आणि केवळ सिगारेटविषयी बोलणाऱ्या योजनेच्या ते लक्षातही येत नाही.

दशहरी आंब्याच्या बागांनी वेढलेले मलिहाबाद लखनौपासून सुमारे 25 किलोमीटरवर आहे. लखनौच्या चौक भागातील किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात मदत मिळू शकते. पण दिवसाला तीन-चार सिगारेटी ओढणारा आणि स्वतःला व्यसनी न मानणारा एकोणीस वर्षांचा मुलगा तास बुडवून बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभा राहील, ही अपेक्षाच चुकीची आहे. अशा कमी ओढणाऱ्याला औषधाहून समुपदेशनाचीच गरज अधिक असण्याचा संभव आहे, आणि ते गावातच देता येते.

दिल्ली विद्यापीठाच्या वल्लभभाई पटेल वक्ष संस्थेतून 2016 पासून 1800-11-2356 ही तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठीची निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवा चालते आणि 2018 पासून हा क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापला जातो. सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हाती मात्र पाकीट येतच नाही, म्हणून तो क्रमांक विद्यापीठाने प्रवेशपत्रावर आणि ग्रंथालयाच्या ओळखपत्रावर छापावा. प्रत्येक संलग्न महाविद्यालयातील एका शिक्षकाला समुपदेशनाचे प्राथमिक प्रशिक्षण द्यावे, विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात 2 मिलिग्रॅमचे च्युइंगम वापराच्या सूचनांसह सवलतीत ठेवावे, आणि मदत मागणाऱ्याचे नाव शिस्तपालन समितीकडे किंवा घरी जाणार नाही असे लेखी आश्वासन द्यावे. दंडाची पावती फाडणारा आणि मदत देणारा शिक्षक एकच असेल, तर मलिहाबादचा विद्यार्थी त्याच्या खोलीकडे फिरकणार नाही. म्हणून पहिल्या वर्षी या दोन जबाबदाऱ्या वेगळ्या व्यक्तींकडे सोपवण्याचे परिपत्रक तरी विद्यापीठाने काढावे.