मद्यपी चालकाला गाडीनेच अडवावे काय?

दसरा उलटला की शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर या बीड जिल्ह्यातील तालुक्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघू लागतात. ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीत भांडीकुंडी, धान्याची पोती, पांघरुणे, शेळी आणि या साऱ्यावर बसलेली लेकरेबाळे असतात. प्रवास बहुधा रात्रीचा असतो. पुढे बसलेल्या चालकाने निघण्यापूर्वी ढाब्यावर काय घेतले आहे, हे ट्रॉलीतल्यांना ठाऊक असते किंवा नसते. ठाऊक असले तरी उचल घेतलेल्या मजुराने मुकादमाच्या चालकाला 'तू उतर' म्हणण्याची सोय नसते. मद्यपी चालकाला रोखण्याचे काम गाडीतील यंत्रावर सोपवावे काय, या प्रश्नाची चर्चा महानगरांत मोटारींच्या संदर्भात होते. त्याची खरी कसोटी मात्र सिंदफणेच्या काठच्या या रस्त्यांवर लागणार आहे.

हा प्रश्न आता केवळ कल्पनेतला राहिलेला नाही. अमेरिकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये संमत केलेल्या पायाभूत सुविधा कायद्यात नव्या मोटारींमध्ये चालकाची नशा ओळखून गाडी रोखणारे तंत्रज्ञान बसविण्याचे मानक ठरविण्यास तेथील वाहन सुरक्षा यंत्रणेला सांगण्यात आले. त्यासाठी दिलेली तीन वर्षांची मुदत नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली, तोवर मानक निघाले नव्हते. युरोपीय संघाने अधिक सावध पाऊल टाकले. जुलै २०२४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत श्वासचाचणीचे कुलूप जोडता येईल अशी सोय सक्तीची आहे, प्रत्यक्ष कुलूप मात्र सक्तीचे नाही. फ्रान्सने २०१५ पासून प्रवासी बसगाड्यांना हे कुलूप लावले आणि मोटारींना त्यातून सरसकट वगळले. सर्वांआधी कोणाला अडवायचे, याचा हा विचार लक्षात ठेवण्याजोगा आहे.

महाराष्ट्रात या विषयाची आठवण अपघातानंतरच होते. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईच्या कार्टर रोडवर पदपथाशेजारी झोपलेले सात मजूर मोटारीखाली चिरडले गेले. सत्र न्यायालयाने २००७ मध्ये दिलेली सहा महिन्यांची शिक्षा ऐकून लोक संतापले, उच्च न्यायालयाने ती तीन वर्षे केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती कायम ठेवली. त्यानंतर १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शे मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह मिळालेला जामीन सर्वांच्या लक्षात राहिला. परंतु या प्रकरणातील अधिक गंभीर आरोप होता तो रक्ताचा नमुनाच बदलण्यात आल्याचा. त्या आरोपावरून ससून रुग्णालयातील दोन डॉक्टरांना अटक झाली.

आपल्या कायद्याची मूळ दुर्बलता नेमकी येथे आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ स्पष्ट आहे. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी हा दंड दोन हजार होता. रक्कम पाचपट झाली, पण ती वसूल होण्यासाठी आधी पुरावा हवा, आणि मद्यार्क हा पुरावा कोणासाठी थांबत नाही. शरीर साधारणपणे तासाला दहा ते वीस मिलिग्रॅम या गतीने त्याचा निचरा करते. अपघाताच्या वेळी पंचेचाळीस मिलिग्रॅम असलेला चालक दोन तासांत कायद्याच्या दृष्टीने शुद्धीवर येऊ शकतो. अटकेनंतर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी, असे कायदा म्हणतो. पुण्यात रुग्णालय हाकेच्या अंतरावर असते. आडमार्गावर रात्री ट्रॉली उलटते, तेव्हा जखमींना ग्रामीण रुग्णालयात आणि तेथून बीडला हलवण्यातच हा वेळ सरतो. चालक पळालेला असला तर तोही प्रश्न उरत नाही.

सरकारी आकड्यांकडे म्हणूनच जपून पाहावे लागते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांपैकी मद्य वा अमली पदार्थांच्या नावावर चार हजारांहून थोडे अधिक, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आसपास मृत्यू आहेत आणि अतिवेगाच्या नावावर सत्तर टक्क्यांहून अधिक. तर्र झालेला चालक वेगाने गाडी चालवतो, गाडी आदळते, चाचणी होत नाही आणि पोलिसांच्या कागदावर 'अतिवेग' एवढेच उरते. या अडीच टक्क्यांवर बोट ठेवून मद्यपान ही भारतीय रस्त्यांची किरकोळ समस्या आहे असे म्हणणाऱ्यांनी चाचण्या किती होतात हे आधी विचारावे.

गाडीतील यंत्राच्या बाजूने सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे. ते अपघातानंतरचा पुरावा गोळा करत नाही, अपघातापूर्वीची किल्लीच अडवते. तेथे बदलायला नमुना नसतो, गाठायला हवालदार नसतो आणि जामिनाचा प्रश्नही नसतो. यंत्राची रचना साधी आहे. चालकाने नळीत फुंकायचे, आतील संवेदक श्वासातील मद्यार्क मोजतो आणि तो मर्यादेबाहेर असला तर इंजिन सुरू होत नाही. वाटेत थांबून पिणाऱ्यासाठी ठरावीक काळाने पुन्हा फुंकण्याची सूचना येते. प्रत्येक नोंद साठवली जाते. नळी न लावता मोटारीतील हवेतून किंवा बोटाच्या स्पर्शातून मद्यार्क ओळखणारी यंत्रे अमेरिकेत अनेक वर्षे विकसित केली जात आहेत. मात्र तेथील बहुतेक राज्यांत मर्यादा ऐंशी मिलिग्रॅम आहे, आपली तीस. ऐंशीच्या हिशेबाने बेतलेले उपकरण आयात करून येथे बसवले, तर ते आपल्या कायद्याने दोषी असलेल्या चालकालाही बिनदिक्कत पुढे सोडील.

सक्तीच्या यंत्राचे आपल्याकडे काय होते, याचा अनुभवही ताजा आहे. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत पट्टा न लावल्यास वाजणारा आणि ताशी ऐंशी किलोमीटरनंतर इशारा देणारा भोंगा सक्तीचा झाला. बाजाराने लगेच तोड काढली. पट्ट्याच्या खाचेत अडकवून भोंगा गप्प करणारी धातूची लहानशी क्लिप चार पैशांत मिळू लागली. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातील अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या आसनावर पट्ट्याविना बसले होते. त्यानंतर सरकारला जाग आली आणि २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या आदेशाने ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळांवरून अशा क्लिपांच्या १३ हजार ११८ जाहिराती हटवण्यात आल्या. स्वतःचाच जीव वाचवणारा भोंगा बंद करण्यासाठी खिशातले पैसे मोजणारा समाज श्वासाच्या कुलपाला किती दिवस जुमानील? पिण्यासाठी परवाना घ्यावा, असे सांगणारा १९४९ चा दारूबंदी कायदा याच राज्यात आजही लागू आहे. तो परवाना किती जणांच्या खिशात असतो, हे गुत्त्यावर बसणाऱ्याला विचारण्याची गरज नाही.

रस्ता सोडून दुकानाला लगाम घालण्याचाही एक प्रयोग झाला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत मद्यविक्रीला बंदी केली. मग अंतर कमी झाले, शहरांच्या हद्दी वगळल्या गेल्या, काही रस्त्यांचा महामार्ग हा दर्जाच काढून घेण्यात आला. न्यायालयाच्या अंतराला अशी वाट काढणारे शासन यंत्राला काढणार नाही, याची खात्री कोण देणार?

आणखी एक अडचण अधिक मूलभूत आहे. नव्या मोटारीला कुलूप लावून नेमके कोण वाचेल? २०२२ मध्ये रस्त्यावर मेलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. 'एमएच-२३' क्रमांकाची वाहने पाहिली तर त्यांत नव्या कोऱ्या मोटारी थोड्या. शिरूरच्या बाजारात दिसतात त्या दुचाक्या, जुन्या जीप, मालवाहू टेम्पो आणि ट्रॅक्टर. नव्या मोटारींपुरता नियम या रस्त्यांपर्यंत झिरपायला पंधरा-वीस वर्षे लागतील. शिवाय या संवेदकांना ठरावीक काळाने तपासून घ्यावे लागते. त्यासाठी प्रत्येक वेळी जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे आले. यंत्र चुकलेच तर? बाळंतीण अडली आहे, मध्यरात्री शेजाऱ्याची जीप हाच आधार आहे आणि चालकाने थेंबही घेतलेला नसताना संवेदक इंजिन सुरू करू देत नाही, हा प्रसंग दुर्मिळ असला तरी अशक्य नाही. हजारात एक चूक प्रयोगशाळेत क्षम्य ठरते. रोज कोट्यवधी वेळा किल्ली फिरणाऱ्या देशात तिचा हिशेब वेगळा होतो. यंत्रात साठलेली नोंद पोलिसांना, विमा कंपनीला की मालकाला द्यायची, हेही कायद्याने आधी ठरायला हवे.

म्हणून यंत्र नको, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. अमेरिकेतील अभ्यासांचा कौल असा, की दोषी ठरलेल्या चालकाच्या गाडीत कुलूप असेपर्यंत पुन्हा पिऊन पकडले जाण्याचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांशाने घटते. कुलूप काढले की ती घट बहुतांशी ओसरते. यंत्र सवय सुधारत नाही, फक्त किल्ली अडवते. तेवढे काम जेथे सर्वाधिक मोलाचे आहे तेथे ते आधी द्यावे. एका चालकाच्या शुद्धीवर चाळीस-पन्नास जीव अवलंबून असतात त्या बसगाड्या, शाळेच्या गाड्या आणि एकदा दोषी ठरलेले चालक हा तो क्रम. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून पंचवीस प्रवासी होरपळून मेले. चालकाच्या रक्तात मद्यार्क आढळल्याचा न्यायवैद्यक अहवाल पुढे प्रसिद्ध झाला. हा अहवाल हाती आला तेव्हा चितांची राख थंड झाली होती.

यासाठी दिल्लीकडे पाहत बसण्याचेही कारण नाही. वाहनाच्या बांधणीचे नियम केंद्राच्या हाती आहेत, पण प्रवासी वाहनांच्या परवान्याला अटी घालण्याचे अधिकार मोटार वाहन कायद्याने परिवहन प्राधिकरणांना दिले आहेत. खासगी बसचा परवाना देताना कुलपाची अट घालण्याचा विचार तेथेच सुरू होऊ शकतो. एसटी महामंडळ तर सरकारचेच आहे. नव्या गाड्यांच्या निविदेत ही एक ओळ वाढवता येईल आणि आगारात यंत्रे तपासण्यासाठी कार्यशाळाही तयार आहेत.

ट्रॅक्टर मात्र या चौकटीत बसत नाही. शेतीच्या नावाने नोंदलेल्या ट्रॅक्टरला प्रवासी परवाना नसतो, मग त्याच्या ट्रॉलीत बिऱ्हाडे असोत की ऊस. या वाहनांना खरे बांधून ठेवतो तो कारखान्याशी झालेला वाहतुकीचा करार. हंगामात प्रत्येक गाडी कारखान्याच्या आवारात नंबर लागण्याची वाट पाहत तासन्‌तास उभी असते आणि शेवटी वजनकाट्यावर येतेच. काट्यावर उसाचे वजन होते, पावती फाटते आणि रिकामी गाडी पुन्हा फडाकडे निघते. हातात धरायचे श्वासचाचणी यंत्र त्या काट्यावर ठेवायला नवा कायदा लागत नाही, करारात एक कलम लागते. ते कलम घालण्याची मागणी साखर आयुक्तालयाने गाळप परवाने देतानाच कारखान्यांपुढे ठेवली, तर पुढच्या हंगामात शिरूरहून निघणाऱ्या पहिल्या टोळीपूर्वी ते अमलात आणता येईल.