इज्जतीचं कलम कोणतं?

जातीबाहेरच्या तरुणाशी पोरीचं प्रेम जमल्याच्या संशयावरून तिघांचे खून झाले, त्या सोनई हत्याकांडाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "खून वाईटच, पण पोरीच्या बापाच्या जागी उभं राहून बघा." असं बोलणारी माणसं दुष्ट नसतात. संतापलेल्याला कायदाही सांभाळून घेतो, अशी त्यांची समजूत असते.

घेतो, पण किती? जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० मध्ये गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभाचा अपवाद होता. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्येही तो आहे. तो सिद्ध झाला तरी कोणी निर्दोष सुटत नाही. खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरतो आणि त्यालाही जन्मठेप होऊ शकते. पूर्ण मोकळीक स्वसंरक्षणात मिळते. त्यातही समोरच्याचा जीव घेण्याचा हक्क जिवावरचा हल्ला, बलात्कार, अपहरण अशा मोजक्याच प्रसंगी असतो. दोघांचं प्रेम जमल्याचा संशय या यादीत कुठे बसवायचा?

आता आकस्मिकतेचं पाहू. नानावटी खटल्यात नौदलाच्या अधिकाऱ्याने पत्नीची कबुली ऐकली, कुटुंबाला सिनेमाला सोडलं, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतलं आणि मग तिचा प्रियकर आहुजा याचं घर गाठून त्याला ठार केलं. मधे गेले जेमतेम तीन तास. राग निवायला तेवढा वेळ पुरेसा होता, असं १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून जन्मठेप कायम केली. सोनईत तर १ जानेवारी २०१३ रोजी मेहतर समाजातल्या तीन तरुणांना संडासाच्या टाकीच्या कामाचं निमित्त करून वस्तीवर बोलावलं होतं. एकाचा मृतदेह टाकीत सापडला, दोघांचे कोरड्या विहिरीत. भान हरपलेला माणूस कामाचं निमित्त शोधत बसत नाही. ज्यांची जातच त्या कामाशी जखडून ठेवली, त्यांना बोलावायला हेच निमित्त सुचावं, यात केवढा थंडपणा आहे! याला प्रक्षोभ म्हणायचं तर कट कशाला म्हणायचं?

दुसरी पळवाट म्हणजे "मी हात लावला नाही, नुसता उभा होतो." शंभर वर्षांपूर्वी बंगालमधल्या एका पोस्टमास्तरच्या खुनात आरोपीने हेच सांगितलं होतं, आणि तेव्हाचं शेवटचं अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने ते मानलं नाही. हेतू समान असेल तर पहाऱ्याला उभा राहिलेलाही खुनी ठरतो.

"मग सगळं घरदारच अडकवणार का?" हा आक्षेप मात्र रास्त आहे. नातं हा पुरावा नव्हे. प्रत्यक्ष पाहणारा नसेल, तर परिस्थितीची साखळी प्रत्येक आरोपीपर्यंत अखंड पोचावी लागते. शरद सारडा खटल्यात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी घालून दिली. सोनई प्रकरणात नाशिकच्या सत्र न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली, पण सातव्याला सोडलं. पुढे सहांपैकी एक जण उच्च न्यायालयातून सुटला. हे दोघे सुटले ते पुरावा तोकडा पडला म्हणून. घराण्याची इज्जत त्यांच्या कामी आली नाही.