वेलीला झोप नाही

येडेश्वरीच्या दर्शनाला येरमाळ्याला गेलो, की वाटेतल्या द्राक्षबागेपाशी पाय थबकतातच. बँकेत असताना अशा बागांसाठी मी अनेक कर्जे मंजूर केली. माझा प्रश्न ठरलेला असे : वाण कोणता? थॉमसन, तास-ए-गणेश, की नान्नजच्या नानासाहेब काळे यांचे सोनाका?

फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेल झोपते. तिची छाटणी वर्षातून एकदाच. आपल्या उन्हात तिला झोप नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. पीक मात्र एकच. नाशिककडे याच पद्धतीने वाइनची द्राक्षेही पिकतात. २००१ साली सरकारने त्यासाठी धोरण आखले. आपल्याकडची द्राक्षे मुख्यतः खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी.

पण खरड छाटणीनंतर, ऐन उन्हाळ्यात, पुढचे घड काडीतल्या डोळ्यांत ठरतात. नेमक्या तेव्हाच विहिरी तळ गाठतात. २०१३च्या दुष्काळात मी कर्ज दिलेली एक बाग वाळली. मालक एवढेच म्हणाले, “सायब, तुम्ही वाण इचारला, पाणी न्हाई इचारलं.”

नव्या वाणांची, वाइनची स्वप्ने जरूर पाहावीत. मात्र कर्ज देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आधी मे महिन्यातल्या विहिरीत डोकावून यावे.