देवदूत नव्हे, परिचारिका

१२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिन आला की आपल्या धर्मग्रामांतून परिचारिकांचा सत्कार होतो. गुलाबाचे फूल, चार कौतुकाचे शब्द आणि भाषणात हमखास येणारी ‘देवदूत’ ही उपमा. हेतू चांगला असतो, याविषयी शंका नाही. परंतु त्या उपमेला माझा आक्षेप आहे. देवदूताची पाठ दुखत नाही, रात्रपाळी संपवून त्याला मुलांचा डबा करावा लागत नाही. आणि देवदूताला पगारही द्यावा लागत नाही. आपल्या कौतुकाची खरी सोय इथेच आहे.

परिचर्या म्हणजे मायेचा हात, एवढीच आपली समजूत. नाइटिंगेलबाईंच्या हातातला दिवा आपल्याला आठवतो; क्रिमियाच्या युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे १८५८ मध्ये आकृत्यांतून मांडून त्यांनी सरकारला जाब विचारला, हे मात्र आठवत नाही. परिचारिकेचे रोजचे काम पाहा. एका मिलिलिटरला वीस थेंब पाडणाऱ्या नळीतून ५०० मिलिलिटर सलाईन आठ तासांत द्यायचे, तर मिनिटाला सुमारे २१ थेंब पडले पाहिजेत. हे गणित तिला रुग्णाच्या उशाशी उभे राहून करावे लागते. पोटॅशियम क्लोराईड पातळ न करता थेट शिरेत गेले, तर हृदय बंद पडू शकते. कुल्ल्यावरच्या इंजेक्शनची जागा चुकली, तर पायाची नस कायमची दुखावू शकते. डॉक्टर फेरी मारून जातात. नाडी बिघडू लागल्याचे प्रथम ध्यानात येते ते बहुधा तिच्याच.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये तेथेच हल्ला झाला. २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत तेथील परिचारिकांनी पिढ्या बदलल्या तरी त्यांची शुश्रूषा सोडली नाही. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांना शय्याव्रण झाले नव्हते, ही बाब २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयालाही उल्लेखनीय वाटली. तेथे माया होतीच. पण ठरल्या वेळी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे, नळीतून अन्न देणे ही शिकलेली, घोटलेली विद्याही होती. नुसत्या मायेने शय्याव्रण टळत नाही.

या विद्येचे मोल काय? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली की, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य सरकारी परिचारिकेइतके वेतन मिळावे. आपल्या शेजारच्या रुग्णालयात काय मिळते, ते तेथे काम करणाऱ्या आपल्याच मुलीला विचारून पाहा. रात्री तिच्या वाट्याला किती रुग्ण येतात, तेही विचारा. मग ती आखातात किंवा आयर्लंडला निघाली की ‘पैशाचा मोह’ म्हणून नाक मुरडण्याचे धैर्य आपल्याला होते का, पाहू.

कोणी म्हणेल, आपल्या धर्मभगिनींनी वेतनाची अपेक्षा न ठेवता आयुष्यभर शुश्रूषा केली. खरे आहे आणि त्यापुढे मी नतमस्तक आहे. पण त्यांनी दारिद्र्याचे व्रत स्वेच्छेने घेतले. त्यांच्या म्हातारपणाची काळजी त्यांचा संघ घेतो. घरभाडे भरणाऱ्या, आईवडिलांना पोसणाऱ्या मुलीवर दुसऱ्याचे व्रत लादणे याला सेवाभाव म्हणत नाहीत. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्येच ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रात न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. ख्रिस्ती नाव लावणाऱ्या रुग्णालयांना तो सर्वांआधी लागू आहे.

प्रवचनांतून आपण दयाळू शोमरोन्याचे गुणगान ऐकतो. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या. पण दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या रखवालदाराच्या हातावर दोन दीनार ठेवले आणि अधिक खर्च झाल्यास परतताना फेडीन असे वचन दिले. दुसऱ्याच्या हातून शुश्रूषा घ्यायची, तर तिचा खर्च भरला पाहिजे, हे त्याला कळत होते. येत्या १२ मे रोजी गुलाब जरूर द्या. परंतु ज्या रुग्णालयाच्या मंडळावर आपली माणसे आहेत, तेथे वेतनपत्रक आणि पाळीचा तक्ताही मागा.