चित्र जोरात पळतं, मंद ठरतं पोरगं

"एवढं काय त्यात, सर? चित्र हललं ना, झालं!" संगणकावरचं हलतं चित्र चुकीच्या वेगानं चालतंय अशी तक्रार केली की हमखास हे उत्तर येतं. दुरुस्तीवाला देतो, तंत्रस्नेही म्हणवणारे सहकारी देतात, प्रशिक्षणाला आलेले साहेबही देतात. मला हे उत्तर मान्य नाही. पाठ्यपुस्तकात 'दिन'चं 'दीन' छापलं गेलं तर आपण बोंब मारतो. उर्दूत एक नुक्ता वरून खाली सरकला की 'खुदा'चं 'जुदा' होतं. हलत्या चित्रात वेळेचं तेच काम आहे. ती बनवणाऱ्यानं मोजूनमापून ठरवायची, दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरनं परस्पर बदलायची, आणि आपण म्हणायचं, हललं ना?

आधी फाइलमध्ये काय असतं ते पाहू. ज्याला आपण जीआयएफ म्हणतो तो प्रकार कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीनं १९८७ मध्ये आणला. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक चित्रासोबत एक आकडा लिहायची सोय झाली: हे चित्र पडद्यावर किती वेळ थांबावं. आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागात. प्रत्येक चित्राला १० लिहिलं तर सेकंदाला दहा चित्रं. एखाद्याच चित्राला १५० लिहिलं तर तेवढं एक दीड सेकंद थांबणार. म्हणजे वेग फाइलमध्येच लिहून दिलेला असतो, कुणाच्या अंदाजावर सोडलेला नसतो.

अडचण एक होती आणि ती खरी होती. पुष्कळ फाइलींत हा आकडा शून्य असायचा, म्हणजे जमेल तितक्या लवकर पुढचं चित्र आण. जुन्या संथ संगणकांवर ते खपून जायचं. संगणक वेगवान झाले तशी ही चित्रं पिसाटल्यासारखी पळू लागली. मग ब्राउझर बनवणाऱ्यांनी तोड काढली की आकडा २ पेक्षा कमी दिसला तर तो १० समजायचा. बहुतेक ब्राउझर आजही हेच करतात. आता गंमत पाहा. २ लिहिलं तर सेकंदाला पन्नास चित्रं. त्याहून जोरात हवं म्हणून १ लिहिलं, तर सेकंदाला दहा! रिक्षावाल्याला "भाऊ, जरा जोरात" म्हणावं आणि त्यानं खाली उतरून रिक्षा ढकलायला घ्यावी, तसला प्रकार.

हसून सोडून देण्यासारखं वाटत असेल तर विज्ञानाच्या तासाला या. एक मीटर लांबीच्या लंबकाला एक पूर्ण हेलकावा घ्यायला साधारण दोन सेकंद लागतात. समजा कुणी दोनशे चित्रांत हा हेलकावा बसवला आणि प्रत्येकाला १ लिहिलं. हिशेब चोख, दोन सेकंद. ब्राउझरमध्ये तोच हेलकावा वीस सेकंद घेणार. मुलानं हातात घड्याळ धरून, सूत्रात आकडे घालून गुरुत्वत्वरण काढलं तर ९.८ च्या जागी साधारण ०.१ येणार. चंद्रावरसुद्धा पृथ्वीच्या एक षष्ठांश गुरुत्व आहे, इथे तर शंभरावा हिस्सा उरला. मुलाचं गणित बरोबर, उत्तर चूक, आणि शून्य मार्क कोणाला? मुलालाच.

ब्राउझर निदान एका नियमानं तरी चुकतात. फोटो दाखवणारी काही सॉफ्टवेअर तर ते आकडे विचारातच घेत नाहीत, सगळ्या चित्रांना एकच चाल लावतात. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. उर्दूत 'ळ' नाही, त्यामुळे आमच्याकडे 'शाळा'ची 'शाला' होते आणि 'फळा'चा 'फला'. म्हणून 'ळ' कसा काढायचा याचं हलतं चित्र मी तयार केलं. डावा गोल, मग हात जरा थांबतो, मग उजवा गोल, शेवटी वरची रेघ. हात थांबतो त्या चित्राला १५० चा आकडा, कारण शिकायचं ते नेमकं तिथंच असतं. ब्राउझरमध्ये अक्षर हवं तसं उमटलं. वर्गातल्या संगणकावर मात्र ते दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडलं आणि थांबा गायब. गोल, गोल, रेघ, गोल, गोल, रेघ. शिवणयंत्राची सुई चालावी तसं.

मुलं बिचारी पडद्याच्या मागे धावायला लागली. एक जण वहीवरून पेन्सिल उचलून म्हणाला, "सर, मेरा हात स्लो चलता." त्या दिवशी वर्ग पाहायला आलेल्या पाहुण्यांनी मान डोलावली. म्हणाले, "मराठीत ही मुलं जरा मंदच असतात, नाही का?" मुलांसमोर म्हणाले. मी फाइल ब्राउझरमध्ये लावली आणि त्याच मुलांनी त्याच तासाला 'ळ' काढला. पण पाहुणे तोवर चहाला गेले होते.

माझा राग इथं आहे. उर्दू शाळेतल्या पोराला मराठी जमत नाही, हा शेरा आधीच लिहून तयार असतो, खाली सही करायला फक्त निमित्त लागतं. यंत्र चुकलं की यंत्रावर कुणी संशय घेत नाही, समोर बसलेल्या मुलावर घेतात. मुलगा गरिबाचा असला, भाषा घरची नसली, तर विचारायलाच नको. शहरातल्या शाळेत पालक उद्या येऊन जाब विचारतील. आमच्या पहूरसारख्या गावात बाप मजुरीला गेलेला असतो, आणि मुलगा स्वतःबद्दल ऐकलेलं खरं मानून बसतो.

हा अन्याय आजचा नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. तेव्हा कॅमेरा हातानं फिरवत, सेकंदाला साधारण सोळा ते वीस चित्रं. १९३१ साली 'आलम आरा' आला, चित्रपट बोलू लागले आणि चोवीसचा वेग पक्का झाला. मग सोळानं घेतलेली जुनी रिळं चोवीसनं फिरवली जाऊ लागली. एका मिनिटाचं चालणं चाळीस सेकंदांत उरकतं. त्यात तारामती झालेले अण्णा साळुंके, ज्यांनी पुढे 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही साकारले, पडद्यावर टुणटुण पळताना दिसतात. पुरुषानं बाईची चाल धरायची, तीही कॅमेऱ्यापुढं, ही केवढी मेहनत! नातवंडं ती बघून खो खो हसतात आणि म्हणतात, जुन्या लोकांना अभिनय येत नव्हता. दांडी यात्रेच्या चित्रफितींचंही तेच. गांधीजी झपझप चालत हे खरं, पण चुकीच्या वेगानं दाखवलं की एका मोठ्या लढ्याची कवायत होऊन जाते.

यावर एक शहाणा युक्तिवाद येतो: वेग बदलणं ही तर कलाच आहे. अगदी कबूल. फाळक्यांनीच वाटाण्याच्या अंकुराची वाढ थोड्या थोड्या वेळानं टिपून, कित्येक दिवसांचा काळ काही क्षणांत दाखवला होता. पण ते फाळक्यांनी ठरवून केलं आणि बघणाऱ्याला ते ठाऊक होतं. त्यांच्या माघारी कुणी मशीनवाल्यानं केलं असतं तर त्याला कला म्हणाल?

आणि ज्या गोष्टी आता उरल्याच नाहीत त्यांचं काय? पाचोऱ्याहून शेंदुर्णी, पहूर करत जामनेरला जाणारी आमची पीजे २०२० च्या टाळेबंदीत थांबली. तिचा संथपणा हीच तिची ओळख. जे पोर आज पाच वर्षांचं आहे त्यानं तिला चालताना पाहिलेलंच नाही. त्याच्यासाठी पीजेचा वेग म्हणजे मोबाइलवर कुणीतरी पाठवलेल्या हलत्या चित्राचा वेग. तो चुकला तर दुरुस्त करायला रुळांवर गाडी नाही.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडं मागणं फार नाही. फाइलमधला आकडा पाळा. पाळता येत नसेल तर पडद्याच्या कोपऱ्यात तसं लिहा: मूळ वेग इतका, दाखवतोय इतका. शून्य आकड्याच्या जुन्या फाइलींना वेसण घालायची तर खुशाल घाला, पण ती काढायचं बटणही द्या. आता संगणक १९९५ चे राहिलेले नाहीत.

शिक्षकांनी तोवर वाट बघत बसू नये. मी आता प्रत्येक हलत्या चित्राच्या कोपऱ्यात सेकंदांचे आकडे घालतो, १ ते १०. वर्गात लावलं की आधी एका मुलाच्या हातात घड्याळ. दहा सेकंदांत दहा आलं तर धडा सुरू. नाही आलं तर मुलं ओरडतात, "सर, ये झूठा है!" आणि मी ते सॉफ्टवेअर बंद करून दुसरं उघडतो.